खिमटाचा हिशेब

धंद्याच्या पानावर बाळाच्या खिमटाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण माग चालवणारा कारागीर हप्त्याचा पगार हातात पडताच मेडिकलच्या दुकानातून बाळासाठी तयार आहाराचा डबा घेतो, तेव्हा तो सौदाच असतो. आणि सौदा म्हटला की माल काय, दाम काय, दामाइतका माल मिळाला का, हे विचारणे आम्हा व्यापाऱ्यांचे कामच आहे.

तीनशे ग्रॅमचा डबा आज अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जातो. नागलीला केंद्र सरकारने २०२५-२६ साठी जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नाहीत. किराणा दुकानात ती महाग पडते, हे खरे. पण दाम दुप्पट धरला तरी डब्याच्या पैशात अडीच-तीन किलो नागली येते. ही नागली परदेशातून आणावी लागत नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या डोंगरात ती पिकते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम दहाच्या आसपास.

डब्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात. पण साखरही घातलेली असू शकते. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने तपासणी करून सांगितले, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खुराकामागे सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर घातलेली आहे. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याच मालात ती नव्हती. साखर आम्ही कमी करत आलो आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि पुढे बिनसाखरेचे प्रकारही तिने बाजारात आणले. तरी एकाच छापाचा माल गिऱ्हाईक पाहून वेगळा भरावा, ही रीत कापडाच्या बाजारात फार दिवस चालत नाही.

आता घरच्या पेजेकडे वळू, कारण सगळे दोष डब्याच्या माथी मारून चालणार नाही. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावतात, हे मालेगावात पोरालाही ठाऊक आहे. खळ भरलेले कापड हाताला जड लागते; धुतले की खरे वजन कळते. साध्या पिठाची पेज अशीच असते. दोन चमचे पीठ भरपूर पाणी ओढून घेते आणि वाटी भरल्यासारखी दिसते. बाळाचे पोट लहान. ते पाण्यानेच भरते, अन्न पोटात थोडेच जाते. आईला वाटते, पोर जेवले.

प्रोसेसमध्ये कापडातली खळ काढायला अमायलेज नावाचे एन्झाइम वापरतात. तेच धान्याला मोड आले की दाण्यात आपोआप तयार होते. ते पिठाचा चिकटपणा तोडते, पेज सैल होते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात यावर रीतसर काम झाले आहे. आमच्या आजी-नानींना एन्झाइमचे नाव माहीत नव्हते, पण मोड आलेल्या नागलीचे सत्त्व माहीत होते.

नागली रात्रभर भिजवावी, मलमलच्या कापडात बांधून एक-दीड दिवस ठेवावी. मोड आले की कडक उन्हात वाळवावी, हलकी परतून मोड चोळून काढावेत आणि दळावी. करपवू नये, एन्झाइमची ताकद जाते. साध्या पिठाची घट्ट पेज शिजली की खाली उतरवून थोडी निवू द्यावी, चमचाभर मोडाचे पीठ ढवळावे आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चांगली उकळी आणावी. ही उकळी चुकवू नये. पावसाळ्यात पीठ थोडेच करावे, बुरशीचा वास आला तर सरळ फेकावे.

सहा महिने पुरे झाल्यावर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, आणि आईचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू. नुसत्या नागलीने लोह भागत नाही. घोटलेली मसूर, अंडे, बिनकाट्याचा मासा, शिजवून बारीक केलेली कलेजी किंवा खिमा, वर चमचाभर तेल किंवा तूप. आपल्या घरी खिमा शिजतो, पण बाळाच्या वाटीत मात्र चहात बुडवलेले बिस्किट येते. चहा तर आहे ते लोहही अंगी लागू देत नाही. मीठ-साखर वर्षभर नको. मधही वर्षाच्या आत नको, घुट्टीची रीत कितीही जुनी असली तरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात शंभरात अकराच निघाली. यात गरिबी आहे, तशी वेळेची ओढाताणही आहे. जी बाई घर सांभाळून दिवसभर कांड्या भरते, तिला मोड आणायला सांगणे सोपे आहे. सासू, नणंद आणि हो, घरातला मर्दही हे काम करू शकतो. शुक्रवारी माग बंदच असतात.

आमच्या दुकानदार बांधवांना एक सांगणे. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने, दोन वर्षांखालील बाळाच्या तयार आहाराची जाहिरात, नमुने वाटणे, भेटवस्तू देऊन खप वाढवणे बंद आहे. डबा विकायला मनाई नाही. पण ‘हा घ्या, पोर गुटगुटीत होईल’ असे आपणहून सांगून गळ्यात मारणे आमच्या मते दुकानदारी नव्हे. त्याच फळीवर निवडलेली नागली आणि मसूर ठेवा. नफा थोडा आहे, पण गिऱ्हाईक दर महिन्याला येईल. घरचे सत्त्व पाकिटात भरून ‘बाळांसाठी’ म्हणून विकण्याच्या विचारात कोणी असेल, तर शिशुआहारासाठी २०२० साली झालेले वेगळे नियम आधी वाचावेत. ते कडक आहेत आणि असायलाच हवेत.

राहिले गिरणीवाले. मिरचीनंतर लगेच बाळाचे पीठ दळले तर काय होते, हे त्यांना सांगायला नको. सकाळी गिरणी साफ करून पहिला अर्धा तास बाळांच्या दळणासाठी राखावा आणि दारावर तशी पाटी लावावी. पाटीच्या रंगाइतकाच खर्च आहे.