घरांतील विज्ञान : नवी तबकडी आणि जुना टीव्ही

तळवडे येथील एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. अमेरिकेहून आलेल्या त्यांच्या दिरांनीं ब्लू-रे तबकड्या चालविणारें यंत्र भेट म्हणून आणिलें. परंतु मामंजींच्या खोलींतील टीव्ही कांचेच्या नळीचा, वीस वर्षांचा जुना. यंत्राची तार त्यास बसेना. तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. तरुण मंडळी म्हणतात, जुना डबा भंगारांत द्यावा आणि भिंतीवरचा नवा आणावा. मामंजींचें म्हणणें असें कीं, डोळ्यांच्या संवयीचा आणि विनातक्रार चालणारा संच एका पाहुण्या यंत्रासाठीं कां टाकावा? नातवाच्या मुंजीची तबकडी मात्र त्यांस पाहावयाची आहे. थोड्या खर्चांत व कोणाचें मन न दुखवितां कांहीं मार्ग आहे काय, असें भगिनींनीं विचारिलें आहे. प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

सर्वांत आधीं वीज पाहावी. अमेरिकेंत घरोघरची वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर ‘१०० ते २४०’ असें लिहिलें असेल, तर पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. नुसतें ‘१२०’ असेल, तर व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर मध्यें घेतल्यावांचून बटण दाबूं नये. येथें दुर्लक्ष झाल्यास पुढील चर्चेचें कारणच उरणार नाहीं.

आतां तारेकडे वळूं. जुन्या टीव्हीस तीन वाटोळीं छिद्रें असतात : पिवळें चित्राचें, पांढरें व तांबडें आवाजाचें. पिवळ्या तारेंतून चित्राचा उजेड आणि रंग हीं दोन्ही एकत्र कालवून येतात, व टीव्हीस तीं पुन्हां निवडावीं लागतात. संस्कृत शिकलेल्यांस येथें संहितापाठ व पदपाठ यांची आठवण व्हावी. सलग संहितेंतून पदें सोडवितांना घोटाळ्यास जागा राहते. पदें आधींच सुटीं मिळालीं तर राहत नाहीं. नळीच्या कांहीं टीव्हींस हिरवें, निळें व तांबडें अशीं आणखी तीन छिद्रें असतात. त्यांतून चित्राचे तीन भाग निरनिराळे येतात, म्हणून चित्र अधिक स्वच्छ दिसतें. नव्या यंत्राची एचडीएमआय तार मात्र चित्र आणि आवाज अंकांच्या रूपांत वाहते, आणि ते अंक जुन्या टीव्हीस वाचतां येत नाहींत.

नव्या यंत्रास जुनीं छिद्रें कां नसावींत? कारण तांत्रिक नाहीं, व्यापारी आहे. ब्लू-रे २००६ सालीं बाजारांत आली, तेव्हां यंत्रांना अशीं छिद्रें असत. पण त्यांतून चित्रपटांच्या नकला निघतील या भीतीनें पुढें करार असा झाला कीं, २०११ पासून बनणाऱ्या यंत्रांनीं संरक्षित चित्रपट जुन्या तारांवाटे साध्याच प्रतीचा द्यावा, आणि २०१४ पासून बनणाऱ्यांनीं मुळींच देऊं नये. म्हणून जुन्या यंत्रास पिवळी तार थेट लागते. अलीकडच्यास मध्यस्थ लागतो.

हा मध्यस्थ म्हणजे तळहातावर मावणारी एक डबी. दुकानांत ‘एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर’ म्हणून मागावी. हजार रुपयांच्या आंत मिळते. घेतांना दिशा पाहावी, कारण जुन्या यंत्राचें चित्र नव्या टीव्हीकडे नेणारी उलट डबीही तशीच दिसते. तिला मोबाईलच्या चार्जरप्रमाणें पांच व्होल्टची वीज द्यावी. अंगावर ‘पाल’ व ‘एनटीएससी’ अशी कळ असल्यास ती पालकडे ठेवावी. आपल्या दूरदर्शनची रंगपद्धति तीच. उलट ठेविल्यास कित्येक जुन्या टीव्हींवर चित्र कृष्णधवल होतें किंवा वरखालीं धांवूं लागतें. मग टीव्हीच्या रिमोटवरील ‘एव्ही’ दाबावें.

इतकें केल्यावर चित्र नव्या टीव्हीसारखें दिसेल काय? नाहीं. तबकडीवरील चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. जुन्या पद्धतीच्या चित्रांत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोबर पांचवा हिस्सा. चेहरे, हालचाल, आवाज यांत उणें भासणार नाहीं. बारीक अक्षरें मात्र पुसट दिसतील. शिवाय नवें चित्र सोळास नऊ या प्रमाणाचें, जुना पडदा चारास तीन. यंत्राच्या सेटिंगमध्यें ‘४:३ लेटरबॉक्स’ निवडावें; वरखालीं काळ्या पट्ट्या येऊन पडद्याची तीन चतुर्थांश उंचीच वापरली जाते, पण चित्र सबंध दिसतें. तसें न केल्यास माणसें उभीं ताणलीं जातात, आणि बटु एका रात्रींत उंच झालेला पाहून आजोबांनीं चकित होऊं नये!

परंतु सर्वच चित्रपट रुंद नसतात. तळवड्यापासून देहू जवळच. तेथील तुकोबांवर पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३६ सालीं काढलेला, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत नांवाजला गेला. त्या काळच्या बोलपटांची चौकट सुमारें १.३७ ला १, म्हणजे जवळजवळ चारास तीनच. असा चित्रपट जुन्या टीव्हीवर पडदाभर बसतो; रुंद टीव्हीवर दोन्ही बाजू मिळून पडद्याचा सुमारें चौथा हिस्सा काळा राहतो, आणि तो भरण्यासाठीं कोणी चित्र आडवें ताणलें, तर तुकोबा स्थूल दिसूं लागतात. जुने बोलपट पाहणारांस जुना टीव्ही गैरसोयीचा नाहीं, हें तरुण मंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

शेवटची अडचण देशभेदाची. विकतच्या ब्लू-रे तबकड्यांस ए, बी, सी असे प्रदेश ठरविले आहेत. अमेरिका ‘ए’ मध्यें, भारत ‘सी’ मध्यें. मुंजीची तबकडी घरगुती असल्यानें तिला हा निर्बंध नाहीं. पण आपल्याकडील चित्रण बहुधा सेकंदास पंचवीस चित्रांचें असतें, आणि अमेरिकेंतील पुष्कळ यंत्रें तें स्वीकारीत नाहींत. म्हणून कांहींही विकत घेण्यापूर्वीं तेंच यंत्र व तीच तबकडी शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीवर लावून पाहावी. तेथेंही न चालल्यास दोष मामंजींच्या संचाचा नव्हे, आणि नवा टीव्ही आणूनही तो जाणार नाहीं. अशा वेळीं चित्रण करणाराकडून साधी डीव्हीडी करून घ्यावी व इकडील डीव्हीडी प्लेअरनें पिवळ्या तारेवाटे दाखवावी.

आमचें मत असें : प्रथम परीक्षा, मग डबी. दिवाणखान्यांत सर्वांसाठीं मोठा टीव्ही हवा असेल तर तो अवश्य घ्यावा. पण त्याचें निमित्त करून वडिलांच्या खोलींतला संच हालवूं नये. कोणता टीव्ही पाहावयाचा, एवढा निर्णय तरी वृद्धांच्या हातीं राहूं द्यावा.

तो संच पुढें कधीं बंद पडला, तर घरीं उघडूं नये. वीज काढल्यावरही नळींत भार राहतो. फेरीवाल्या भंगारवाल्यासही देऊं नये. नळीच्या कांचेंत शिसें असतें, आणि ती फोडल्यास तें मातींत मिसळतें. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांस अनुसरून तो अधिकृत संकलनाकडेच सोंपवावा.