रंग दिसला नाही, म्हणजे काय?

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टिपकागद तुम्ही केला असेलच. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो लाल होतो. आता त्या सोड्याच्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळा. त्यातले निम्मे घेऊन पुन्हा तेवढेच पाणी मिसळा. असे करता करता एका पेल्यात कागद पिवळाच राहील. त्यातला सोडा कुठे गेला? कुठेच नाही. कागदाची नजर तेवढीच! तरी प्रयोगवहीत आपण बेधडक लिहितो, ‘सोडा नाही’.

शाळेत ही चूक फार तर एका गुणाची. बांगलादेशात ती जिवाशी येते. तळ्यांचे पाणी रोगट म्हणून तिथे गावोगावी हातपंप बसवले गेले आणि पुढे त्यांपैकी अनेकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. २००० ते २००३ या काळात सुमारे ५० लाख हातपंप तपासले गेले. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक असलेल्या पंपाला लाल रंग, बाकीच्यांना हिरवा.

तपासणी कागदावरच होती. बाटलीतल्या पाण्यात जस्त आणि आम्ल घातले की आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो आणि झाकणाखालच्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा किंवा तपकिरी डाग उमटतो. (आर्सिन अतिविषारी आहे. हा प्रयोग शाळेत कोणीही करायचा नाही.) २००५ साली आराइहाजार भागातील ७९९ पंपांच्या अभ्यासात असा एक संच ८८ टक्के वेळा बरोबर ठरला. चुका झाल्या त्या मुख्यतः ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात. तिथे कागद कमी आकडा दाखवत होता. उपाय काय निघाला? २० मिनिटांऐवजी ४० मिनिटे थांबणे!

कागदाची संवेदनक्षमता वाढवायची म्हटले की आपल्याला नवे, महागडे रसायन आठवते. माझ्या मते आधी साधा हिशेब करावा. पाणी जास्त घेतले तर वायू जास्त निघेल. तोच वायू रुपयाएवढ्या कागदाऐवजी सदऱ्याच्या गुंडीएवढ्या कागदातून गेला, तर डाग गडद होईल. अर्थात, थांबण्यालाही किंमत आहे. दुप्पट वेळ म्हणजे दिवसाला निम्मेच पंप. म्हणून निदान डाग फिका, संशयास्पद असेल तिथे तरी ती वीस मिनिटे द्यावीत. आणि शुद्ध पाण्याची एक बाटली शेजारी हवीच, कारण जस्तातच आर्सेनिकचा अंश असला तर अधिक चौकस कागद तोही दाखवील.

शिक्षकांना एक विनंती. हळदीच्या प्रयोगात शेवटचा लाल पेला कितवा, हे ज्याने नोंदवले आणि पुढच्या पेल्यासमोर ‘सोडा नाही’ऐवजी ‘या कागदाला दिसला नाही’ असे लिहिले, त्याला तो एक गुण जरूर द्या.