‘एएनए पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे ल्युपस झालाच का? रक्तातल्या अँटिबॉडी नेमकं काय सांगतात?

सांधे दुखतात, केस गळतात, सारखा थकवा येतो म्हणून कुणीतरी रक्ताच्या तपासण्या करून घेतं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्टची पीडीएफ येते. त्यात एका ओळीसमोर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘एएनए : पॉझिटिव्ह’. डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी असते, गुगल मात्र हातातच असतं. पुढच्या दहा मिनिटांत ल्युपस, किडनी निकामी होणं, आयुष्यभराच्या गोळ्या असं सगळं वाचून होतं. पॉप गायिका सेलेना गोमेझला ल्युपस होता आणि २०१७ मध्ये तिच्यावर किडनी प्रत्यारोपण झालं, हेही समोर येतं. त्या रात्री झोप लागणं कठीणच.

पण या एका ओळीवरून ल्युपस झालाय असं म्हणता येत नाही. आणि ज्यांना खरोखर ल्युपस आहे, त्यांच्या बाबतीतही ही ओळ म्हणजे गोष्टीची फक्त सुरुवात असते.

एएनए म्हणजे काय?

अँटिबॉडी हे आपल्या शरीराचं हत्यार. बाहेरून आलेल्या विषाणूला किंवा जिवाणूला ओळखायचं आणि त्याला चिकटायचं, हे तिचं काम. ल्युपसमध्ये ही ओळख चुकते आणि शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं. केंद्रक म्हणजे जिथे आपला डीएनए असतो ती जागा. केंद्रकाविरुद्धच्या अशा सगळ्या अँटिबॉडींना मिळून अँटी-न्यूक्लिअर अँटिबॉडी, म्हणजेच एएनए म्हणतात.

तपासणीची पद्धत तशी सोपी आहे. काचपट्टीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी असतात. त्यांच्यावर तुमच्या रक्तातला द्रव टाकतात. त्यात एएनए असतील तर त्या केंद्रकांना चिकटतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकतात. मग तो द्रव पातळ करत जातात. रिपोर्टवर १:१६० लिहिलं असेल, तर १६० पट पातळ केल्यावरही चमक दिसली, असा त्याचा अर्थ. म्हणजे दुसरा आकडा जितका मोठा, तितक्या अँटिबॉडी जास्त. १:८० आणि १:१२८० या दोन्हींपुढे ‘पॉझिटिव्ह’ हाच शब्द छापलेला असतो, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपोर्ट वाचताना बहुतेकांचं लक्ष शब्दाकडे जातं, आकड्याकडे जातच नाही.

निरोगी माणसांमध्येही एएनए सापडतात का?

हो, आणि भरपूर सापडतात. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी लोकांचं रक्त तपासलं. १:४० या पातळीवर जवळपास ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० वर सुमारे १३ टक्के आणि १:१६० वर ५ टक्के.

आता थोडं गणित करू. जगभरातल्या अंदाजानुसार ल्युपस लाखामागे साधारण ४० ते ४५ जणांना असतो. समजा, कसलाही त्रास नसलेल्या, रस्त्यावरून सरसकट निवडलेल्या एक लाख लोकांची एएनए तपासणी केली. १:८० ची पातळी धरली तर सुमारे १३ हजार लोक पॉझिटिव्ह येतील. त्यांच्यात ल्युपसचे रुग्ण पन्नासही नसतील. म्हणजे साधारण तीनशे पॉझिटिव्हमागे एक.

वय वाढलं की एएनए वाढतात. थायरॉइडच्या काही आजारांत त्या दिसतात. हिपॅटायटिस सी सारख्या संसर्गात दिसतात. टीबीवर दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिड या गोळीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि आपल्याकडे ही गोळी घेणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. म्हणूनच लक्षणं नसताना केवळ चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून एएनए करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं आहे, असं माझं मत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं होतं की, एएनए पॉझिटिव्ह नसेल आणि आजाराचा संशय नसेल तर पुढच्या महागड्या अँटिबॉडी तपासण्या करत बसू नका.

मग ही तपासणी करायचीच कशाला?

कारण ती निगेटिव्ह आली तर फार कामाची आहे. ल्युपसच्या शंभरातल्या ९७-९८ रुग्णांमध्ये एएनए १:८० किंवा त्याहून जास्त असतं. त्यामुळे ते निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता खूपच कमी होते. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून ल्युपसचे नवे निकष ठरवले. त्यात एएनएला प्रवेशद्वाराची जागा आहे. ते नसेल तर पुढचं मोजायचंच नाही, पण ते असल्याचा एकही गुण मिळत नाही.

गुण पुढच्या गोष्टींना आहेत. त्यातल्या अँटिबॉडींमध्ये दोघींचं वजन सगळ्यात जास्त, प्रत्येकी ६ गुण. (दोन्ही सापडल्या तरी मिळतात ६च.) पहिली अँटी-डीएसडीएनए, म्हणजे थेट डीएनएच्या दुहेरी साखळीविरुद्धची. ती ल्युपसच्या साधारण ७० टक्के रुग्णांत सापडते आणि निरोगी माणसांत जवळपास नाहीच. दुसरी अँटी-एसएम. ‘एसएम’ ही १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उपचार घेणाऱ्या एका तरुण रुग्ण मुलीच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. तिच्या रक्तात ही अँटिबॉडी पहिल्यांदा ओळखली गेली. ती मोजक्याच रुग्णांत असते, पण असेल तर दुसऱ्या आजाराची शक्यता फारच थोडी राहते.

एकूण १० गुण झाले की रुग्ण निकषात बसतो. पण एक अट आहे. त्यातला किमान एक गुणांक शरीरावर दिसणाऱ्या त्रासाचा हवा. तोंडात येणारे फोड, सांध्यांची सूज, गालांवर फुलपाखरासारखा पसरणारा चट्टा, लघवीतून जाणारं प्रथिन, असं काहीतरी. नुसत्या रक्ताच्या जोरावर १२ गुण जमले तरी ते चालत नाहीत. हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत आणि निदान डॉक्टरच करतात, पण त्यामागचा विचार दवाखान्यातही तोच असतो.

आजाराच्या आधी येणारी खूण

आतापर्यंत वाचून ‘म्हणजे एएनएकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल’ असं वाटत असेल, तर थांबा. अमेरिकी सैन्य आपल्या जवानांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवून ठेवतं. त्यातल्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला. संशोधकांनी त्यांचे जुने नमुने बाहेर काढून तपासले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच कुठली ना कुठली अँटिबॉडी होती. काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी.

त्यातही एक क्रम दिसला. एएनए आणि अँटी-रो सारख्या अँटिबॉडी सरासरी साडेतीन वर्षं आधी आल्या होत्या, अँटी-डीएसडीएनए साधारण दोन वर्षं आधी आणि अँटी-एसएम तर निदानाच्या जेमतेम वर्षभर आधी. म्हणजे आजार एका दिवसात येत नाही, तो आत हळूहळू जमत जातो.

म्हणूनच आकडा मोठा असेल आणि सोबत लक्षणंही असतील, तर संधिवाततज्ज्ञांकडे जायलाच हवं. ल्युपसच्या दहापैकी नऊ रुग्ण बायका असतात, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. थकवा, अंगदुखी, केस गळणं या तक्रारींवर आपल्या घरांमध्ये ठरलेलं उत्तर असतं, ‘रक्त कमी असेल, नीट खात जा.’ तोवर किडनीला त्रास सुरू झालेला असू शकतो. या सगळ्या चर्चेत लघवीच्या साध्या तपासणीचं नाव कुणी घेत नाही. ती अँटिबॉडीच्या पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि किडनीला धोका आहे का हे तीच आधी सांगते.

गरोदरपणात तर अँटिबॉडी माहीत असणं आणखी महत्त्वाचं. आईच्या रक्तात अँटी-रो असेल तर ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके कायमचे मंदावू शकतात. आईला स्वतःला काहीही त्रास नसला तरी हे होऊ शकतं. अँटिफॉस्फोलिपिड गटातल्या अँटिबॉडी वारंवार गर्भपाताला कारण ठरतात. त्यातल्या एकीचं नाव ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’. नावावरून रक्त पातळ करणारी वाटते, प्रत्यक्षात ती गुठळ्या करते. शिवाय ती ल्युपस नसलेल्यांमध्येही सापडते. इतकं फसवं नाव वैद्यकशास्त्रात दुसरं क्वचितच असेल.

एकदा निदान झालं की एएनए पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नसतो, कारण आजार शांत झाला तरी ते पॉझिटिव्हच राहू शकतं. लक्ष ठेवायचं ते अँटी-डीएसडीएनए आणि सी३, सी४ या प्रथिनांवर. पहिली वाढली आणि दुसरी घटली, तर आजार पुन्हा उसळण्याची ती सूचना असू शकते. अर्थात, डीएसडीएनए उंच असूनही वर्षानुवर्षं ठणठणीत राहणारे रुग्णही असतात.

या अँटिबॉडी पुसून टाकता येतील का?

सध्या सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच आहे. जर्मनीतल्या एरलांगेनमध्ये ग्योर्ग शेट यांच्या टीमने कॅन्सरसाठीची कार-टी सेल थेरपी ल्युपसच्या पाच रुग्णांवर वापरली. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी त्यांनी काढून टाकल्या. काही महिन्यांनी त्या परत आल्या, पण आजार परतला नाही आणि पाचही जणांच्या गोळ्या बंद झाल्या. डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी गेल्या, लसींमुळे मिळालेल्या मात्र बऱ्याच अंशी टिकल्या. रुग्ण फक्त पाच होते, हे विसरायला नको. तेव्हापासून जगभर मोठ्या चाचण्या सुरू आहेत.

भारताची पहिली कार-टी थेरपी, ‘नेक्सकार१९’, आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांचा रोजचा आधार आजही हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीच जुनी, स्वस्त गोळी आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनावरचं औषध म्हणून जगभर तिच्यावर उड्या पडल्या होत्या आणि भारताने तिची निर्यात रोखली होती. तेव्हा ल्युपसचे कित्येक रुग्ण एका स्ट्रिपसाठी मेडिकलची दुकानं पालथी घालत होते.