जागल्याला बक्षीस, पण कवच कोठे?

घाऊक बाजारातील एखाद्या जुन्या पेढीवर वर्षानुवर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, ते प्राप्तिकर खात्याच्या कुशाग्र अधिकाऱ्यालाही ठाऊक नसते. पक्की वही खात्याला दाखविण्यासाठी असते, कच्ची वही मालकाच्या कपाटात असते आणि या दोहोंमधील तफावत म्हणजे राष्ट्राच्या कोशातून परस्पर उचललेले धन होय. हा हिशेबनीस बोलला तर चोरी उघड होते. परंतु तो बोलत नाही. त्याच्या मौनाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे; बोलणाऱ्याच्या पदरात या देशाने काय टाकले, याचा हिशेब मांडणे मात्र अनेकांना गैरसोयीचे वाटते.

मराठीने अशा माणसाला 'जागल्या' हे नाव दिले आहे. गाव झोपलेले असताना जागा राहणारा तो जागल्या, आणि त्याच्या पोटाची तजवीज गावाने करावयाची, असा जुना व्यवहार होता. आजचा समाज मात्र त्याच माणसाला चहाडखोर ठरवितो. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर उलटला, असे म्हणतो. पेढीचे मीठ दिसते, राष्ट्राचे दिसत नाही!

हा विचार परदेशातून आयात झालेला आहे, असे मानणाऱ्यांनी कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' उघडून पाहावे. राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार सांगणाऱ्या या आचार्याने त्याची वार्ता देणाऱ्या 'सूचका'चाही नेमका विचार केला आहे. आरोप सिद्ध झाल्यास सूचकाला त्या रकमेचा सहावा हिस्सा. तो राजसेवक असेल तर बारावा. आरोप मोठ्या रकमेचा असला आणि सिद्ध थोडीच झाली, तरी सिद्ध झालेल्या भागातील वाटा त्याचा. खोटा आरोप करणाऱ्याला दंड आहे, आणि आरोपीच्या सांगण्यावरून माघार घेणाऱ्याला तर देहदंड. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यामुळे ज्यांची हानी झाली, त्यांनी पुढे येऊन सांगावे अशी दवंडी पिटावी आणि हानीच्या प्रमाणात त्यांना भरपाई द्यावी, असेही कौटिल्य सांगतो. येथे बक्षीस आहे, जरब आहे आणि भरपाईही आहे.

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहावे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्राप्तिकर चुकविणाऱ्यांची माहिती देणाऱ्यांसाठी सुधारित पारितोषिक योजना आणली. बुडविलेला कर वसूल झाल्यावर त्याच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण कमाल ५० लाख रुपये. बेनामी मालमत्तेच्या माहितीसाठी कमाल १ कोटी, परदेशातील काळ्या धनासाठी कमाल ५ कोटी. हे पाऊल योग्यच होते. मात्र आकड्यांचा अर्थ लावला पाहिजे. १० कोटींच्या वसुलीलाच ५० लाखांची मर्यादा गाठली जाते. त्यापुढे चोर कितीही मोठा असला तरी जागल्याची रक्कम तसूभरही वाढत नाही. १०० कोटी वसूल झाले तर त्याच्या वाट्याला अर्धा टक्का येतो. कौटिल्याच्या हिशेबाने साडेसोळा कोटींहून अधिक आले असते. शिवाय हे पारितोषिक हक्क नव्हे, सरकारची मेहेरबानी आहे. अंतिम रक्कम कर हाती आल्यावरच मिळावयाची, आणि कर हाती येण्याआधी प्रकरण अपिलांच्या किती पायऱ्या चढते हे कोणत्याही करसल्लागाराला विचारावे.

अमेरिकेने २००६ च्या कायद्याने मोठ्या प्रकरणांत वसुलीच्या १५ ते ३० टक्के रक्कम देण्याचे बंधन स्वतःवर घातले. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेतील ब्रॅडली बर्केनफेल्डने अमेरिकी धनिकांची गुप्त खाती उघड केली. २००९ मध्ये बँकेला ७८ कोटी डॉलर भरावे लागले. बर्केनफेल्ड स्वतः एका ग्राहकाच्या करचुकवेगिरीत सामील असल्याने त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. २०१२ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला आणि त्याच वर्षी त्याला १० कोटी ४० लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. तरीही करचोरी उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यावर मालकाने सूड उगवू नये, यासाठीचे कलम करायला त्या देशालाही २०१९ उजाडावे लागले.

आपल्याकडे तेवढेही नाही. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राहील, असे योजना सांगते. महसुली गुन्ह्याची खबर कोठून आली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, ही तरतूद तर जुनीच आहे. परंतु नाव गुप्त ठेवले म्हणजे माणूस सुरक्षित झाला काय? कच्ची वही कोणत्या कपाटात आहे हे पेढीवर दोघांनाच ठाऊक असते, आणि धाड नेमकी त्याच कपाटावर पडते. मालकाला नाव सांगावे लागत नाही.

आणि शासनाकडून गुप्ततेचे पालन कसे होते, याचा धडा सत्येंद्र दुबे यांच्या प्रकरणाने दिला आहे. सुवर्ण चतुष्कोण महामार्गातील गैरव्यवहाराविषयी या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव उघड करू नये अशी विनंती केली. पत्र नावानिशी कार्यालयाकार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार मानला. पत्र फिरले कसे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. त्या वेळी दिल्लीत राष्ट्रवादी विचारांचेच सरकार होते, म्हणून हा प्रश्न विचारू नये असे मुळीच नाही.

त्यानंतर २०१४ मध्ये जागल्या संरक्षण कायदा झाला, मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही. २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक आले, लोकसभेत संमत झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. संपुआ गेली, रालोआ आली, कायदा कपाटातच राहिला. त्याहून मोठा दोष असा, की हा कायदा लोकसेवकांच्या भ्रष्टाचारापुरताच आहे. खाजगी पेढीची करचोरी सांगणारा हिशेबनीस त्याच्या कक्षेतच येत नाही. चोरासाठी मात्र राज्य वेळोवेळी उदार झाले. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये दडविलेले उत्पन्न जाहीर करून मोकळे होण्याची दारे त्याच्यासाठी उघडली गेली.

करचोरीचे समर्थन करणारे अजूनही समाजवादी जमान्याची साक्ष काढतात. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, हे खरे. त्या दराने प्रामाणिक माणसालाही चोर केले, हेही खरे. पण १९९७ च्या अर्थसंकल्पाने सर्वोच्च मूळ दर ३० टक्क्यांवर आणला, त्यालाही आता पाव शतक उलटून गेले. देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी देणगी देऊन पावती फ्रेम करून लावणारे आणि त्याच वेळी कच्च्या चिठ्ठीवर माल विकणारे काही सज्जन राष्ट्रभक्तीच्या व्यासपीठांवरही दिसतात. सीमेवरील जवानाच्या बंदुकीतील गोळी कराच्या पैशातून येते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता सरकारने २०१४ चा कायदा अमलात आणावा आणि त्याची कक्षा खाजगी क्षेत्रातील करचोरीपर्यंत वाढवावी. ५० लाखांची मर्यादा काढून पारितोषिकाला हक्काचे रूप द्यावे. खोटी माहिती देणाऱ्याला शिक्षा आजही आहे, ती राहू द्यावी. आणि माहिती दिल्यामुळे ज्याची नोकरी गेली, त्याला वसुली होईपर्यंत निर्वाहभत्ता द्यावा. वसूल होणाऱ्या कराच्या तुलनेत ही रक्कम नगण्य असेल, आणि ती देण्यासाठी अर्थमंत्रालयाला नवे खाते काढण्याचीही आवश्यकता नाही.