विहारयात्रा की धर्मयात्रा?

(द्वितीय वर्ष कला)

जगातील अविस्मरणीय व आगळीवेगळी स्थळे कोणती, या प्रश्नाचे उत्तर आज कोणालाही पाच मिनिटांत मिळते. मोबाईल उघडावा, की पेरू देशातील माचू पिच्चू, जॉर्डनमधील डोंगर कोरून घडविलेले पेट्रा, ईस्टर बेटावर समुद्राकडे पाठ करून उभे असलेले दगडी पुतळे एकामागून एक डोळ्यांसमोरून सरकू लागतात. 'आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशी पन्नास ठिकाणे' अशा याद्या आमच्या वर्गातही चवीने वाचल्या जातात. त्यात गैर काहीच नाही. परंतु एखादे ठिकाण 'पाहण्यासारखे' ठरते ते कशामुळे? आणि 'पाहणे' म्हणजे तरी नेमके काय करणे? या प्रश्नांचा विचार कोणतीही यादी करीत नाही.

या प्रश्नांचे उत्तर आपल्याच तालुक्यात सापडलेल्या दोन दगडांवर आहे, असे मी म्हटले तर वाचक हसतील. परंतु ते खरे आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली आमच्या गिरीजच्या शेजारी भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे तुकडेच असल्यामुळे पूर्ण मजकूर गिरनार वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून वाचावा लागतो. आणि गंमत अशी, की या दोन्ही लेखांत प्रवासाचा उल्लेख आहे!

आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. शिकार व मौजमजा हा त्या यात्रांचा हेतू. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत तो काय करी? श्रमण-ब्राह्मणांना भेटे, वृद्धांची विचारपूस करून त्यांना साहाय्य करी, खेड्यापाड्यांतील माणसांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोले. धर्म या शब्दाचा येथे सदाचार असा साधा अर्थ घ्यावा. नवव्या लेखात तो म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारचे विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरा विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या या राजाने प्रवासात काय काय पाहिले, याची यादी दिलेली नाही. कोणाकोणाला भेटलो, हे सांगितले आहे. माझ्या मते पाहण्यासारख्या ठिकाणाची खरी कसोटी हीच आहे. ज्या ठिकाणाहून आपण तेथील एकाही माणसाशी न बोलता परत येतो, ते ठिकाण आपण पाहिलेच नाही.

आता आपल्याकडच्या रविवारकडे पाहू. वसईचा किल्ला, भुईगावचा किनारा, अर्नाळा येथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये लग्नाआधीची छायाचित्रे काढण्याची तर आता प्रथाच पडली आहे. वधूवर ज्या फरशीवर उभे राहतात, त्या फरशीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या शिळा आहेत. फ्रान्सिस्कन चर्चमधील या शिळा म्हणजे थडगी आहेत, हे कितीकांना ठाऊक असते? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली, एवढे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण येथल्या चर्चची घंटा पाहायची तर नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जावे लागते, ही गोष्ट किल्ल्यात हिंडणाऱ्याला कोण सांगणार? आमच्या गिरीजच्या हिरा डोंगरीवर दत्ताचे देऊळ आहे. दर्शनाला पुष्कळ लोक येतात. हीच डोंगरी म्हणजे वज्रगड, हे मात्र गावातल्या पोरांनाही सांगावे लागते.

पाहुण्यांनाच दोष देऊन भागणार नाही. आपण यजमान तरी कुठे आहोत? वसईच्या वाड्यांमधून बावखले आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतील गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र एवढा जवळ असून आमच्याकडे केळी, पानवेली व फुलझाडे होऊ शकली ती या बावखलांच्या जिवावर. मातीचे व पाण्याचे हे शहाणपण जगातील कोणत्याही आश्चर्याच्या तोडीचे आहे, असे मला वाटते. परंतु बावखल कोणत्याही यादीत नाही, त्यावर पाटी नाही, त्याचे कोणी तिकीट काढीत नाही. म्हणून एखादे बावखल रातोरात मातीचा भराव टाकून बुजविले गेले, तरी बातमी होत नाही. ज्याला पाहणारे नाहीत, त्याला राखणारेही राहत नाहीत. माझ्या लेखी हा प्रश्न हौसेमौजेचा नाही, पिण्याच्या पाण्याचा आहे.

माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्याने प्रवासावर लिहावे का, अशीही शंका कोणी घेईल. खरेच, आमच्या घरात 'सहल' हा शब्द माझ्याबरोबर आला. पण प्रवास माझ्याआधीपासून होता. माझी आई वीस वर्षे पहाटेच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून, फुलांची टोपली घेऊन दादरला जाते. वसई ते दादर जाऊन-येऊन सुमारे ऐंशी किलोमीटर होतात. वर्षातील अडीचशे दिवस धरले तर वीस हजार किलोमीटर, म्हणजे दर दोन वर्षांनी एक पृथ्वीप्रदक्षिणा! अशा दहा प्रदक्षिणा तिने केल्या, पण दादरच्या पुढे म्युझियमपर्यंत जाण्याची सवड तिला मिळाली नाही. सोपाऱ्याचा शिलालेख तेथे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेला, एकात एक ठेवलेल्या करंडकांचा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे. आमच्या मातीतील या वस्तू पाहायला आम्हालाच मुंबईस जावे लागते. खेड्यापाड्यांतील माणसांना भेटावे, असे सांगणारा लेख काचेआड आहे आणि खेड्यातील माणूस फुलबाजारात आहे. या दोघांची भेट कोण घडवून आणणार? हे काम शिकलेल्या मुलांचे नाही तर कोणाचे?

येथे कोणी म्हणेल, "म्हणजे जग पाहूच नये की काय? बेडकाने विहिरीतच राहावे काय?" मुळीच नाही. वसईची माणसे कधीच विहिरीतील बेडूक नव्हती. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याचे नाव बंदर म्हणून आले आहे. म्हणजे जगाच्या यादीत आपण दोन हजार वर्षांपूर्वीच होतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर त्यांना मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्या टेकडीवर १९६२ साली सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले. मला कधी काळी परदेशी जाता आले, तर मी आयफेल टॉवरआधी ती टेकडी गाठीन. गोन्सालो त्या देशात राहिले, तेथील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, म्हणून चारशे वर्षांनंतरही तेथे त्यांची आठवण आहे.

याउलट केवळ पाहून जाणाऱ्यांचे काय होते, ते इटलीतील व्हेनिसमध्ये दिसते. त्या जुन्या शहरात आता पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत. पर्यटकांचा लोंढा मात्र इतका, की दिवसभरापुरत्या येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशकर घेण्यास २०२४ साली सुरुवात झाली. घराच्या दाराला तिकीट लावण्याची वेळ यावी, यापरते यजमानाचे दुर्दैव कोणते? आमच्या वाड्या एकीकडे इमारतींखाली जात आहेत आणि दुसरीकडे रिसॉर्टखाली. आपण वेळीच जागे झालो नाही, तर आपल्याकडेही पाहायला येणारे पुष्कळ असतील, दाखविणारे कोणी उरणार नाही.

तेव्हा केवळ टीका करून न थांबता एक सूचना करतो. कॉलेजच्या वार्षिक सहली दूरवर जातात, त्या खुशाल जाव्यात. परंतु सहलीची वर्गणी भरणे ज्यांना शक्य नसते असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात, आणि ते कारण न सांगता गैरहजर राहतात. त्यांच्यासाठी नव्हे, तर सर्वांसाठीच, वर्षातून एक दिवस आपल्या तालुक्याची सहल काढावी. खर्च बसभाड्याचा आणि भाकरीच्या शिदोरीचा. सकाळी सोपाऱ्याचा स्तूप, दुपारी एखादी वाडी व बावखल, संध्याकाळी किल्ला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी शिळांवरची अक्षरे वाचून दाखवावीत. बावखलाची माहिती मात्र वाडीतल्या आजोबांनी सांगावी, आणि प्राध्यापकांनीही ती आमच्याबरोबर बसून ऐकावी. प्रत्येक गावच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील बावखलांची नावे, ती कोणाच्या वाडीत आहेत, किती शिल्लक आहेत, याची नोंद करून आणावी. पुढच्या वर्षीच्या अंकात ती छापावी. जगात कोठेही न मिळणारी यादी आपल्या हाती येईल, आणि भराव टाकणाऱ्याला विचारणारे कोणीतरी गावोगावी असेल.

मित्रहो, माचू पिच्चू कोठे पळून जात नाही. बावखलाचे तसे नाही. म्हणून म्हणतो, आधी तिकडे जाऊन येऊ.