शिक्षक रजेवर नाही, मग बदली कोणाच्या जागी?



‘पोरगी शाळेत मास्तरीण झाली’ असे सांगत पेढे वाटणारा साथी आपल्या प्रत्येक शाखेत भेटतो. गँगमनची मुलगी किंवा पोस्टमनचा मुलगा डी.एड., बी.एड. करून शिक्षक होतो याचा आनंद आम्हालाही आहे. पण पेढा हातात घेताना आम्ही आता एक प्रश्न विचारू लागलो आहोत : नेमणुकीच्या कागदावर काय लिहिले आहे? पुष्कळदा उत्तर येते, ‘घड्याळी तासिका तत्त्वावर’ किंवा ‘शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत’. कधी कधी तर कागदच नसतो. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले, उद्यापासून या, एवढेच.

म्हणजे पोरगी शिक्षिका झाली नाही, ती बदली झाली.

बदली हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पाळीच्या वेळी कार्ड घेऊन उभा राहणारा बदली कामगार आपल्यापैकी अनेकांच्या घरातलाच होता. रेल्वेत सबस्टिट्यूट आहेत. टपाल खात्यात जुन्या नियमाप्रमाणे ई.डी. एजंट रजेवर जायचा तर बदली माणूस त्यानेच आपल्या जोखमीवर द्यायचा. १९८० च्या दशकात खात्याने आर.टी.पी. म्हणून मुले निवडली, त्यांना शिकवून तयार केले आणि कायम जागा देण्याऐवजी तासांवर राबवले. आज शाळेत चालू आहे ते तासिका तत्त्व हेच.

खऱ्या बदलीला आमचा विरोध नाही. एखादी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली तर वर्ग मोकळा ठेवता येत नाही. त्या काळापुरता दुसरा शिक्षक हवाच, आणि मूळ शिक्षिका परत आली की त्याने जावे हेही रास्त. पण कोणी रजेवर नाही, जागा मंजूर आहे, मूळ माणूस निवृत्त होऊन वर्षे लोटली आहेत, तरीही तिथे दर जूनला नवा ‘तात्पुरता’ माणूस उभा केला जातो. ही बदली नव्हे. ही कायम जागेची चोरी आहे.

रेल्वेच्या साथींनी आपल्याच आस्थापना नियमपुस्तकाकडे पाहावे. त्यात सबस्टिट्यूटची व्याख्या काय आहे? ज्या जागेवर तो काम करतो, त्या जागेची नियमित वेतनश्रेणी आणि भत्ते त्याला मिळतात. सलग चार महिने सेवा झाली की तात्पुरत्या रेल्वे कर्मचाऱ्याचे हक्क मिळतात. आणि शाळेतल्या सबस्टिट्यूट शिक्षकासाठी ही मुदत तीनच महिन्यांची आहे. भुसावळ, कल्याणच्या रेल्वे वसाहतींत ज्यांची मुले रेल्वेच्या शाळेत शिकली, त्यांना हे सांगायला नको. हा नियम कोणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. कॅज्युअल आणि सबस्टिट्यूट साथींनी वर्षानुवर्षे लढून असे हक्क टिकवले आहेत. केंद्र सरकारचे एक खाते बदली शिक्षकाला पूर्ण श्रेणी देऊ शकते, तर गावच्या शाळेतल्या शिक्षकाने तासाच्या हिशोबावर का राबावे? वह्या तपासणे, परीक्षेचे पेपर काढणे, स्नेहसंमेलन बसवणे यांचा तास कोणत्या घड्याळात मोजला जातो?

सुट्टीची गोष्ट तर उघडच आहे. वर्षारंभी नेमायचे आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर काढायचे, म्हणजे सुट्टीचा पगारही वाचतो आणि सेवेतही खंड पडतो. हरियाणात हेच चालले होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतनलाल खटल्यात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, तदर्थ शिक्षकांना सुट्टीचा पगार देण्यास आणि जागा नियमित भरण्यास सांगितले. त्याला चाळीस वर्षे झाली. निकाल कपाटात आहे आणि ब्रेक वर्गात आहे.

महाराष्ट्राने तर २००० साली कायम जागेलाच तात्पुरती करून टाकले. शिक्षण सेवक योजनेत मंजूर जागेवर येणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधन. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये. २०२३ मध्ये ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले, पण मानधन हे मानधनच राहिले. पुढच्याच वर्षी, २००१ च्या नियमांनी, टपाल खात्यातल्या ई.डी. एजंटांना ‘ग्रामीण डाक सेवक’ केले. टपालच्या साथींनी हा योगायोग लक्षात ठेवावा. पूर्ण पगार द्यायचा नसला की मालकाला ‘सेवक’ हा शब्द आठवतो.

खासगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे. कायम रिकामी जागा शक्य तितक्या लवकर पात्र माणसाने भरणे हे त्याच्या कलम ५ प्रमाणे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. कायदा नाही असे नाही. भरती थांबवून ठेवायची आणि मग शिक्षकच नाहीत म्हणून तात्पुरता मार्ग काढायचा, असा हा डाव आहे. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर, नियमित भरती होईपर्यंत, निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर घेण्याचा निर्णय झाला. निवृत्तांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण दारात पदविका घेऊन उभी असलेली पोर आणि पेन्शन घेतलेला गुरुजी यांना एकमेकांसमोर कोणी उभे केले?

आम्हाला सांगतात, ‘काही नसण्यापेक्षा काहीतरी बरे.’ हेच गँगमध्ये सांगितले गेले होते, हेच आर.टी.पी.च्या मुलांना सांगितले गेले होते. आम्हाला सांगतात, २००६ च्या उमादेवी निकालाने दार बंद केले. त्याच निकालात मंजूर जागांवर दहा वर्षे काम केलेल्यांना एकदा नियमित करण्याचा आणि रिकाम्या जागा रीतसर भरण्याचा आदेशही आहे, तो मात्र कोणी वाचून दाखवत नाही. २०१६ च्या जगजित सिंग निकालाने समान कामाला समान वेतन तात्पुरत्यांनाही लागू केले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की वर्षानुवर्षे राबलेल्यांना डावलण्यासाठी उमादेवीची ढाल वापरता येणार नाही.

दोष आमचाही आहे. शेजारच्या टेबलावरचा तासांवर काम करणारा पोरगा आम्ही कायम झालेल्यांनी किती दिवस ‘आपला’ मानला नाही? आता तेच आपल्या मुलांच्या वाट्याला आले आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रजेच्या जागी बदली असेल तर त्या जागेची वेतनश्रेणी द्या. तीन महिन्यांचा रेल्वेचा नियम प्रत्येक शाळेला लावा. उन्हाळी सुट्टीचा पगार द्या आणि कृत्रिम खंड बंद करा. रजेवर कोणी नसेल तर जागा रीतसर भरा, तीही पूर्ण वेतनावर.

आणि शाखांना विनंती : अशी नेमणूक घरात आली की मुलांना सांगा, कागद मागा, हजेरीपटावर सही करा, प्रत्येक आदेशाची आणि बँकेच्या नोंदीची प्रत जपा. सेवा सिद्ध करायची वेळ येते तेव्हा हाच कागद बोलतो, हे कॅज्युअल लेबर म्हणून दिवस काढलेल्या प्रत्येक साथीला ठाऊक आहे. शिक्षकांच्या मोर्चाला शाखेचा झेंडा घेऊन जा. गाडी कायम धावते, टपाल कायम येते, शाळा कायम भरते. मग तिथे राबणारा माणूसच तेवढा तात्पुरता का?

कामगार एकजुटीचा विजय असो!