गुस्ल कोण देणार?

आमच्या ओव्यात गेल्या वर्षी एक तरुण ड्रायव्हर वारला. त्याला एचआयव्ही होता, ही बातमी जनाज्याआधीच गल्लीभर पोहोचली होती. गुस्ल द्यायला माणूस मिळेना. शेवटी थोरल्या भावाने आणि मेहुण्याने हातमोजे घालून गुस्ल दिले. मी तिथेच होतो आणि मीही चार पावले मागे सरलो. त्यामुळे हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे.

मय्यतीला गुस्ल देणे फर्ज-ए-किफाया आहे. कुणीच दिले नाही तर गुन्हा साऱ्या वस्तीचा. हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. मग आपण कोणत्या पाकीच्या नावाखाली मागे सरलो?

"आपल्यात हा आजार नसतो, खतना असते ना!" हे वाक्य मी शिकलेल्या माणसांकडून ऐकले आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत खतन्यामुळे पुरुषाला स्त्रीकडून लागण होण्याचा धोका सुमारे 60 टक्के कमी झालेला दिसला. कमी झाला, संपला नाही. आणि नवऱ्याला लागण झाली, तर बायकोला त्याचा खतना वाचवत नाही. अर्धी माहिती अज्ञानापेक्षा घातक असते.

आजार धर्म विचारत नाही, पण परिस्थिती जरूर विचारतो. महिनोन् महिने रस्त्यावर राहणारा ड्रायव्हर, नवऱ्याला प्रश्न विचारू न शकणारी बायको, बदनामीच्या भीतीने तपासणी टाळणारा मुलगा: धोका यांनाच जास्त. समाजकार्य शिकलेल्या मीना शेषू यांनी हे सांगलीत ओळखले. 1992 पासून त्यांच्या 'संग्राम'ने वेश्याव्यवसायातल्या बायकांना उपदेश केला नाही, त्यांच्याच हाती निरोधवाटप आणि प्रबोधनाचे काम दिले. वेश्याव्यवसायाविरोधी प्रतिज्ञेवर सही करण्याची अट आली, तेव्हा 2005 मध्ये अमेरिकी सरकारी मदत नाकारली. ज्यांना आपण नापाक म्हणतो, त्या बायका इतरांचे जीव वाचवत होत्या. आणि आपण पाक लोक?

2007 मध्ये राज्य सरकारने शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले, तेव्हा मला हायसे वाटले होते. वर्गात तो विषय काढावा लागणार नव्हता. त्या वर्गातली मुले आज तिशीत आहेत. त्यातली किती ट्रक चालवतात, मी मोजायला घाबरतो.

2004 पासून सरकारी रुग्णालयांत औषध मोफत आहे. ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. 2017 च्या कायद्याने नोकरी, शाळा, घर, उपचार यांत भेदभावाला बंदी आहे. औषध आहे, कायदा आहे. कमी पडतो तो आपला हात.

येत्या जुम्याला मी इमामसाहेबांकडे पाच मिनिटे मागणार आहे. नाही मिळाली, तर मशिदीबाहेर उभा राहून बोलेन. आणि पुढच्या वेळी गुस्लला माणूस कमी पडला, तर मला हाक मारा. या खेपेस मागे सरणार नाही.